अर्ध्या गिलासातलं पाकीट

"सिस्टर, पहिले सलाईन लावा. मंग काय विचाराचं ते विचारा."

उरकुडेभाऊंनी लेकीला टेबलावर ठेवायच्या आधीच हुकूम सोडला. स्टील प्लांटमधली फर्स्ट शिफ्ट अर्धी टाकून आले होते, अंगात खाकी शर्ट, पायात सेफ्टी शूज. मागे त्यांची बायको संगीता, रडून डोळे सुजलेले. मी तेव्हा भिलाईतल्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते. हे कुटुंब सेक्टर 10 मधलं, आमच्याच गल्लीतलं. त्यामुळे हुकमाचं मला नवल वाटलं नाही.

परी दीड वर्षाची. कालपासून पाण्यासारखे जुलाब. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हायला हवी, हिची जरा रेंगाळली. अंगातलं पाणी कमी झाल्याची ही खूण. जुलाबात पोराच्या जिवावर बेततं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे.

"शू कधी केली?"

"सकाळपासून नाही केली," संगीता म्हणाली.

मला ते आवडलं नाही.

"ओआरएस दिलं?"

"दिलं ना!" उरकुडेभाऊ छाती पुढे काढून म्हणाले. "पण थुंकून देऊन राहिली. जुलाब उलटे वाढले."

"कसं बनवलं?"

"अर्ध्या गिलासात पुरं पाकीट. एकदम कडक."

"पाकिटावर एक लिटर पाणी लिहिलंय, भाऊ."

"लिटरभर पाण्यात काय उरते त्यात? लेक आहे माझी. तिले पातळ कावून देऊ?"

इथे एक सांगायला हवं. उरकुडेभाऊ त्यांच्या डिपार्टमेंटच्या कँटीन कमिटीवर होते. उन्हाळ्यात भट्टीवरच्या लोकांना ताक मिळतं. ते पातळ झालं की हे सह्या गोळा करत. डाळीत डाळ सापडत नाही म्हणून एकदा यांनी मॅनेजरच्या टेबलावर वाटीच नेऊन ठेवली होती. पातळ म्हणजे कोणीतरी आपल्याला फसवलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अख्ख्या डिपार्टमेंटला त्याचा फायदा झाला. लेकीला तेवढा झाला नाही.

"कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं?" मी विचारलं.

"पाणी सुटते," संगीता म्हणाली.

"तसंच झालंय. कडक मिठाचं पाणी आतड्यात गेलं, की ते अंगातलंच पाणी ओढून बाहेर काढतं."

उरकुडेभाऊ काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. पोरीला तपासलं, त्या कडक ओआरएसमुळे रक्तातले क्षार वाढले का बघायला रक्त घेतलं.

"ये पी सकती है, तो मुँह से पिलाइए. सलाईन अभी नहीं. उलटी ज़्यादा हुई या सुस्त पड़ी, तो लगाएँगे."

"मॅडम, एखादी अँटीबायोटिक तरी?"

"खून आ रहा है मल में?"

"नाही."

"फिर नहीं."

उरकुडेभाऊंचा चेहरा असा पडला, जणू मॅडमनी ताकात पाणी ओतलं.

मी त्यांच्यासमोर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजलं, पूर्ण पाकीट ओतलं, ढवळलं. हे चोवीस तासच ठेवायचं, मग फेकायचं. संगीताच्या हातात चमचा दिला. दर मिनिटाला एक-दोन चमचे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सावकाश सुरू. जोडीला झिंकच्या गोळ्या, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

"आणि खायला?" संगीताने हळूच विचारलं. "कालपासून दूधही बंद केलं. पोटाले आराम म्हणून."

"जेवण बंद करून कोणाला आराम पडतो, बाई? अंगावरचं पाज. मऊ भात-वरण दे."

परीने पाचवा चमचा थुंकला. सहावा गिळला. मग स्वतःच चमचा ओढायला लागली. मधल्या वेळात मी घरच्या पाण्याची चौकशी केली. फिल्टर होता, महागातला. पण फिल्टरचं पाणी बादलीत भरून ठेवायचे, आणि घरातला प्रत्येकजण हातानं गिलास बुडवायचा. परीचं ढुंगण धुतलेला हातही त्यातच, साबणाशिवाय. मी झाकण, लांब दांड्याचं ओगराळं आणि साबण, तिन्ही लिहून दिलं. उरकुडेभाऊंनी ते वाचलं आणि बायकोकडे बघितलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं.

रक्ताचा रिपोर्ट आला, क्षार थोडेच वाढले होते. मी बाहेर येऊन मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पण मॅडम परीची शू झाल्याशिवाय सोडायला तयार नव्हत्या. भाऊ तिला कडेवर घेऊन व्हरांड्यात येरझारा घालत होते.

दुपारी एकच्या सुमारास ते अचानक थांबले. शर्टावरून, पँटवरून धार खाली सेफ्टी शूजपर्यंत गेली.

"सिस्टर! झाली! केली पोरीनं!" ते व्हरांड्यातून ओरडले. डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

महिन्याभराने ते गल्लीत भेटले. घरात आता लिटरचं माप आहे, शेजाऱ्यांना ओआरएस तेच बनवून देतात, कोणी कमी पाणी घातलं तर भांडतात. कँटीनमध्ये डाळीची तक्रार चालूच आहे. त्यात मात्र भाऊंचं काही चुकत नाही. ती डाळ मी एकदा खाल्ली आहे.