‘ही’ एक चूक

आम्रपालीचं काम महाडजवळच्या नाते गावात कुणाला नीटसं सांगता येत नसे. आईला विचारलं की ती म्हणे, "माझी लेक बातम्या नीट करते. दुसऱ्यांनी लिवलेल्या." ते खरंच होतं. मुंबईतल्या एका न्यूज पोर्टलची ती संपादक होती. बातमीदारांचं कच्चं लिखाण सुधारायचं, कुठली बातमी सकाळी सोडायची, कुठली संध्याकाळी, ते ठरवायचं आणि लोक कशावर बोट टेकवतील याचा अंदाज बांधायचा. या शेवटच्या कामाला ऑफिसात कंटेंट स्ट्रॅटेजी म्हणत आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ती घरी आली ती परत गेलीच नाही. माडीवर लॅपटॉप मांडून इथूनच सगळं सांभाळत होती.

गेल्या हिवाळ्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गरम रसायन अंगावर उडून तिचा चुलतभाऊ बुद्धरत्न भाजला. दोन्ही हात, मान, एका बाजूचा गाल. तो कंत्राटी कामगार. आम्रपाली दवाखान्यात गेली, त्याच्याशी बोलली, त्याच्या पाळीतल्या माणसांशी बोलली. रसायनाच्या नळीची गळकी झडप बदला म्हणून ते कधीपासून सांगत होते. नावानिशी बोलायलाही तयार झाले. कंपनीला तिने फोन लावला, तिकडून कुणी बोललं नाही. मग तिने बातमी लिहिली. जखमी माणूस आपला नातलग आहे, हेही त्यात लिहिलं. मथळा साधा ठेवला: 'तक्रार करूनही झडप बदलली नाही, महाडमध्ये कामगार भाजला.'

दुसऱ्या दिवशी दुपारी बुद्धरत्नची बायको मंजुळा जिना चढून वर आली. बसली नाही. मोबाइल पुढे धरला.

"ह्ये तू लिवलंस गो?"

खाली आम्रपालीचं नाव होतं. वर मथळा होता: 'कामगाराने केली ‘ही’ एक चूक अन् पुढे जे घडलं...' झडपेचा उल्लेख कुठेच नव्हता. सोबतच्या कामगारांचं बोलणं गायब. पहिल्याच ओळीत, प्राथमिक माहितीनुसार, कामगाराचा निष्काळजीपणा.

"कंपनीचा सायेब दवाखान्यात आलेला," मंजुळा म्हणाली. "ह्येच दाखवलंन त्यांना. म्हणाला, तुमच्याच घरची बाई लिहिते, आता आमच्याकडं काय मागता? त्यांना बोलता पन येत नाय. नुसतं डोळ्यातनं पाणी."

"वहिनी, हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तुझं हाय."

मंजुळा तिथेच उभी असताना आम्रपालीने मुंबईला यशराजला फोन लावला. तो पोर्टलचा प्रमुख.

"अगं, तुझं टायटल चालतच नव्हतं," तो म्हणाला. "आता बघ, टॉपला आहे."

"माणसांची विधानं कुणी काढली?"

"कंपनीकडून फोन आला. लीगलवाले घाबरले. आणि चिडतेस काय? फॉरमॅट तुझाच आहे. तूच शिकवलंस ना पोरांना, मथळ्यात सगळं सांगायचं नाही म्हणून?"

तिची कानशिलं तापली. हो, तिनेच शिकवलं होतं. नटीच्या लग्नासाठी, आंब्याच्या भावासाठी. भाजलेल्या माणसाच्या तोंडावर ओतायला नाही!

"यशराज, माझं नाव काढ त्यावरून."

"काढतो, लगेच काढतो. शांत हो."

तो इतक्या पटकन कबूल झाला, तेव्हा तिला कळलं की आपण चुकीचं मागितलं. नाव निघालं की ती सुटणार होती, बुद्धरत्न नाही.

"नाव राहू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पोर्टलची किल्ली, म्हणजे पासवर्ड, अजून तिच्याकडे होती. तिने मूळ बातमी जशीच्या तशी परत चढवली. वर लिहिलं: 'या बातमीत फेरफार करून जखमी कामगाराला दोषी ठरवलं होतं. ते खोटं होतं. – आम्रपाली, संपादक.' आणि ज्या बटणाने वाचकांच्या मोबाइलवर एकदम सूचना जाते, ते दाबलं. मंजुळाच्या हातातला फोनही वाजला.

यशराजचे फोन येत राहिले. तिने एकच उचलला. "भावनेच्या भरात तू करिअर घालवतेयस," तो म्हणाला.

"भावना नाही रे, राग आहे. आणि खोटी बातमी दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. तुझं काय आहे, ते तू बघ."

संध्याकाळच्या आत तिच्या पासवर्डला कुलूप लागलं, नोकरीही गेली. बातमीही काढून टाकली. पण तोवर ती कामगारांच्या बसमध्ये फिरत होती, मोबाइलवरून मोबाइलवर. त्याच माणसांनी पुढे सरकारी निरीक्षकासमोर तेच सांगितलं. झडप बदलली गेली. बुद्धरत्नला अपघाताची भरपाई नाकारण्याची भाषा कंपनीने सोडली, पण त्याची उजवी मूठ अजून मिटत नाही.

मंजुळा आता तिच्याशी बोलते, पूर्वीसारखं नाही. त्याचा आम्रपालीला राग येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला यशराजचा पुन्हा फोन आला. वाचक घटले होते. "झालं गेलं सोड. परत ये. स्ट्रॅटेजी तूच बघ."

"आधी ती बातमी परत लाव."

"आता तिला कोण वाचणार?"

"मी वाचेन," ती म्हणाली, "आणि मंजुळावहिनी वाचेल."

तो हसला. तिने फोन कापला.