मिलच्या गेटवर दुकानदार

मोडनिंबचं आमचं किराणा दुकान आम्ही विकलं ते दुष्काळात. निम्मं गाव खडी फोडायला गेलेलं, उरलेल्यांनी चहा-साखर सोडलेली. मग दुकान उघडून काय माशा मारायच्या? मोहोळच्या एका तेलवाल्यानं फळ्या, तागडी, डबे, सगळं एकदमच घेतलं. आम्ही नवरा-बायको सोलापुरात मिलजवळच्या चाळीत एका खोलीत येऊन पडलो. दुकानाचे पैसे संपायच्या आत यांना मिलमध्ये काम लागलं तर ठीक, नाहीतर माझ्या भावाच्या दारात जाऊन राहायचं. भावजयीचा स्वभाव मला ठाऊक होता. त्यापेक्षा उपाशी मरेन, असं मी यांना तोंडावर सांगून टाकलं होतं.

शेजारी तेलुगू बोलणारं विणकराचं कुटुंब होतं. शेजारणीच्या नवऱ्यानं रीत सांगितली. रोज सकाळी भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं. कायमचे कामगार कमी आले की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येतो आणि तेवढी बदली माणसं आत घेतो. हे रोज जायचे, धुतलेलं धोतर नेसून, टोपी नीट करून. आणि रोज भाकरीचं फडकं तसंच घेऊन परत यायचे.

"आज बी न्हाय?"

"न्हाय. उद्या बघू की."

पंधरा दिवस हेच. काल-परवा आलेली माणसं कामाला लागली आणि आमचं घोडं तिथंच. माझं डोकं फिरलं. सोळाव्या दिवशी मीच यांच्या मागोमाग गेले.

गेटसमोर ही गर्दी! जॉबर बाहेर आला तशी सगळी त्याच्या अंगावर धावली. साहेब मला, साहेब मला. कुणी हात धरतंय, कुणी पाया पडतंय. आणि आमचे हे? समोरच्या भिंतीला टेकून, हात मागं बांधून शांत उभे. दुकानात गादीवर बसल्यावर चेहरा असायचा ना, अगदी तसाच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या सासऱ्यांची शिस्त कडक होती. गादी सोडायची नाही, गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. हाक मारली की मालात खोट आहे असं लोक समजतात. हा माणूस आठव्या वर्षापासून त्याच गादीवर बसलेला. जॉबर आपणहून येईल, विचारेल, मग बोलू, म्हणून बिचारा पंधरा दिवस वाट बघत होता.

मी सगळ्यांसमोर ओरडले, "अवो, हितं काय दुकान मांडलंय व्हय? त्यो येनार न्हाय तुमच्याकडं! आपन जाऊन मागायचं असतंय!"

माणसं खो खो हसली. यांचे कान लाल झाले. माझ्याकडं न बघताच हे गर्दीत शिरले. "साहेब, मला काम द्या." आवाज इतका बारीक की जॉबरनं दोनदा विचारलं, काय म्हणालास? त्या दिवशी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी घेतलं, कापूस पिंजायच्या खात्यात. संध्याकाळी भुवयांवर कापूस घेऊन घरी आले. मी लई खूश. मी हलवलं म्हणून हलले, असं शेजारणीला ऐकवलंसुद्धा.

महिन्याभरानं एकदा आमटी उकळत असताना घरातलं मीठ संपलं. दुकानदाराच्या घरात कुणाकडं काही मागायला जायची सवय मलाही नव्हती. आज अळणीच खाऊ का, असं मी विचारलं. हे वाटी घेऊन उठले आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वैनी, जरा मीठ देता का?"

आवाज चांगला मोठा होता, सरावाचा. गावाला आमच्या मिठाची पोती रात्रंदिवस दुकानाबाहेर पडलेली असायची, मीठ कोण चोरतंय म्हणून. मला फार वाईट वाटलं. मागायला यांना मीच शिकवलं होतं, तेही चारचौघांत ओरडून.

यांनी वाटी आणून माझ्यापुढं ठेवली. मिठाला माझा हात लागेना. शेवटी यांनीच चिमूट उचलून आमटीत टाकली आणि म्हणाले, "अगं, ढवळ की."