टाचणीबाई आणि युवा केंद्राच्या तीन फायली

पालिकेच्या मालमत्ता विभागात एक बाई होत्या. कागदाला कागद टाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना टाचणीबाई म्हणे. स्टेपलर आले, क्लिपा आल्या, कॉम्प्युटर आला, पण बाईंच्या टेबलावरची टाचण्यांची डबी तसूभरही हलली नाही. नवे साहेब बदलून आले की आधी त्यांच्या बोटाला टाचणी टोचे आणि मग बाईंची ओळख होई.

बाईंची खरी ख्याती मात्र वेगळीच. त्या कुठलीही फाईल शेवटच्या पानापासून वाचत. "पुढच्या पानांवर माणूस नटूनथटून बसलेला असतो हो," त्या म्हणत. "मागच्या जोडपत्रांत तो घरच्या कपड्यांत सापडतो." घरी वर्तमानपत्रही त्या मागूनच उघडत, त्यामुळे यजमानांना पहिलं पान आयतं मिळे. एकतीस वर्षांचा संसार सुखाचा होण्याचं हेही एक कारण असावं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांच्याकडे युवा केंद्राचं काम आलं. केंद्र पालिकेचं. एक मोठा हॉल, दोन लहान खोल्या, आणि टेबल टेनिसचं एक टेबल, ज्याच्या चौथ्या पायाखाली कुठल्याशा जुन्या अहवालाचे तीन खंड घातलेले. त्या अहवालाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणालाच झाला नव्हता. पालिकेला केंद्र चालवणं झेपेना, म्हणून ते एखाद्या सामाजिक संस्थेला दहा वर्षांच्या भाडेकरारानं द्यायचं ठरलं. त्यासाठी पाच जणांची समिती नेमली. प्रत्येकानं शंभरपैकी गुण द्यायचे. रीत अशी की बाकीचे चौघे बाईंच्या कागदात डोकावत आणि एखाददुसरा गुण इकडेतिकडे करून आपले आकडे भरत. म्हणजे सह्या पाच, डोकं एक.

अर्ज तीन आले. पहिला एका नृत्यवर्गाचा. त्यांना हॉलच्या चारी भिंतींना आरसे हवे होते आणि मुलं फक्त त्यांच्या वर्गातली.

दुसरा अर्ज उघडला आणि बाईंच्या हातातली टाचणी हातातच राहिली. अर्जावर सही होती त्यांच्या धाकट्या दिरांची.

या भाऊजींना घरात सगळे 'अध्यक्ष' म्हणत, कारण ते सात संस्थांचे अध्यक्ष होते आणि आठवीच्या शोधात असत. माणूस दिलदार. कुणाच्या घरी आजारपण असो, सगळ्यात आधी हजर आणि सगळ्यात उशिरा परत. पण खुर्ची दिसली की बसायचे, आणि बसले की भाषण.

तिसरा अर्ज 'संध्याकाळवाल्यां'चा. हे म्हणजे एक शिंपी, एक निवृत्त नर्स आणि एक सायकल दुरुस्त करणारा. गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी पाचला केंद्राची किल्ली मागून घ्यायची, नऊला परत द्यायची. मधल्या वेळात साठेक पोरंपोरी तिथे अभ्यास करत, खेळत, भांडत, आणि घरी ज्यांना बसायला कोपरा नाही ती नुसतीच बसत.

बाईंनी सवयीप्रमाणे मागून वाचायला घेतलं. संध्याकाळवाल्यांच्या फायलीत शेवटी संस्थेचा ठराव जोडायचा होता. तिथे होता एक मळका, चार घड्यांचा तक्ता: सोमवारी झाडू कुणी मारायचा, पाणी कुणी भरायचं, लहान मुलींना घरापर्यंत कुणी पोचवायचं. गडबडीत भलताच कागद लागला होता. नियमाप्रमाणे तिन्ही अर्जदारांना त्रुटींची पत्रं गेली. शिंप्यानं चौथ्याच दिवशी ठराव आणून दिला, आणि घुटमळत उभा राहिला.

"बाई, तो तक्ता परत मिळेल का? तेवढा एकच आहे. मंगळवारचा झाडू कुणाचा यावरून तीन दिवस नुसता गोंधळ चाललाय."

"फायलीत लागलेला कागद बाहेर जात नाही," बाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी स्वतः त्याची झेरॉक्स काढून दिली. "मंगळवार नर्सबाईंचा आहे. त्यांना सांगा, पालिकेनं कळवलंय."

मग अध्यक्षांची फाईल. पुढे रंगीत फोटो, 'तरुणाई', 'उद्याचे शिल्पकार'. मागे, अगदी शेवटच्या जोडपत्रात, वेळापत्रक: हॉल रोज सायंकाळी पाच ते नऊ समारंभ व सभांसाठी राखीव. तरुणाईची वेळ सकाळी साडेसहा ते आठ. बाईंना हसू आलं, आणि लगेच ते मावळलं. साडेसहाला उठणारी तरुणाई त्यांनी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. आणि संध्याकाळची साठ पोरं कुठे जाणार?

रविवारी सकाळी अध्यक्ष घरी आलेच. "वहिनी, चहा टाका. आता केंद्र घरचंच म्हणायचं."

"भाऊजी, तो विषय इथे नको."

"बरं, नको. दादा, तुझी बायको फार कडक हो! मला शाळेतसुद्धा एवढी भीती वाटली नाही."

"शाळेत तू होतास कुठे?" यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. गुण द्यायला बसल्या तर अध्यक्षांना चाळीसच्या वर त्या देऊ शकत नव्हत्या. ते खरे गुण होते. लोकही म्हणाले असते, बघा, सख्ख्या दिराला सोडलं नाही. पण नात्यातल्या माणसाचा पेपर आपण तपासायचाच कशाला? तो हात आखडला काय आणि सैल सोडला काय, हात आपलाच. आणि बाजूला झालो, तर संध्याकाळवाल्यांना द्यायचे गुणही गेले. बाकीचे चौघे डोकावणार कुणाच्या कागदात? रंगीत फोटोंच्याच. दोन दिवस बाईंचा स्वयंपाक अळणी झाला. यजमानांनी वरून मीठ घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना लेखी कळवलं: अर्जदार माझे दीर आहेत, मला समितीतून मोकळं करावं. कागद टाचून दिला. साहेबांच्या बोटाला टाचणी टोचली.

बाईंचं काम आलं बांधकाम विभागातल्या अभियंत्यांकडे. ते धापा टाकत खाली आले. "बाई, हे माझ्या गळ्यात बांधून तुम्ही कुठे निघालात? मला भिंतीतला ओलावा कळतो. संस्थेतला कसा ओळखायचा?"

बाईंनी तिन्ही फायली त्यांच्या हातात दिल्या. काही बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. अभियंते दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलंच.

"फाईल शेवटाकडून वाचा."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. अभियंत्यांनी स्वतः पाच ते नऊच्या वेळात केंद्राला दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि बाकीचे चौघे या खेपेला त्यांच्या कागदात डोकावले होते. केंद्र संध्याकाळवाल्यांना मिळालं.

अध्यक्षांनी येणं बंद केलं. फोन यायचा तोही दादाला. "वहिनी ठीक ना?" एवढं विचारून ठेवून द्यायचे. यजमानांना रविवारी टोमणे मारायला कुणी उरलं नाही, ते गॅलरीत येरझाऱ्या घालत. बाई निवृत्त झाल्या तरी ते तीन शब्द त्यांना सुटेनात. समितीतून आपण खरंच बाहेर पडलो होतो, की फक्त खुर्ची सोडली होती?

निकालानंतर पाचव्या महिन्यात एका रविवारी दार वाजलं. अध्यक्ष उंबऱ्यातच उभे.

"वहिनी, एकदाच विचारतो. मला किती गुण दिलेत?"

"एकही नाही. कुणालाच नाही. मी समितीत नव्हते."

"ते ऐकलं मी. पण काहीतरी केलंतच ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. बाईंनी त्यांना आत घेतलं, बसवलं आणि सांगितलं. "अभियंत्यांना तीन शब्द बोलले. फाईल शेवटाकडून वाचा. ते बोलायला हवे होते की नको, मला अजून कळत नाही, भाऊजी. तुम्हाला राग आला तर तो बरोबरच आहे."

अध्यक्ष बुचकळ्यात पडले. "शेवटी? माझ्या फायलीत शेवटी काय होतं?"

"तुम्ही वाचली नव्हती?"

"सात संस्था सांभाळतो मी, वहिनी. वाचायला वेळ असतो का? टायपिस्टनं आमच्या मंगल कार्यालयाचं वेळापत्रक लावलं असेल."

निकालानंतर सगळेच अर्ज पालिकेनं लोकांना बघायला ठेवले होते, आणि अध्यक्षांनी तक्रार करायची म्हणून आपल्या अर्जाची प्रत आणलीही होती, न उघडता. आता पिशवीतून काढून त्यांनी ती शेवटाकडून उघडली. छातीवर दहा वर्षं लटकणारा चष्मा पहिल्यांदाच नाकावर चढला. पाच ते नऊ समारंभ व सभा. त्यांनी ते दोनदा वाचलं. यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पोरांना बाहेर काढून मी सभा घेणार होतो?" अध्यक्ष हळूच म्हणाले. "हे लिहिलं कुणी?"

"खाली सही तुमची आहे, भाऊजी."

अध्यक्षांनी त्या सहीवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून त्यांनी सुस्कारा सोडला.

"सही मात्र झकास आलीये," ते म्हणाले. "टाका चहा."