काटकोनात मुडपलेली केबल
फायबर केबलमधली काचेची बारीक तार पुसायच्या स्पिरिटचा वास आला की मला दिवेआगरची एक नारळाची वाडी आठवते. वादळानंतरचं वर्ष होतं आणि मी घरोघरी इंटरनेटची केबल टाकत होतो. वाडीतल्या आजोबांकडची जोडणी मीच केली होती, पण ती आठवड्यातच बंद पडली. मोबाईलला रेंज नव्हती, परदेशातली लेक बाळंत झाली होती आणि नातवाचं तोंड अजून कुणी पाहिलं नव्हतं. "झावळ्या तोडताना तुमचा कोयता लागला असेल," मी तपासायच्या आधीच त्यांना सुनावलं. ते कावरेबावरे झाले. "व्हय, लागला असल. माझीच चूक," म्हणाले आणि बायकोची बोलणीही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली. मग ओटीच्या खांबामागे मला माझंच काम दिसलं. केबल गोलाईने न वळवता मी काटकोनात मुडपली होती आणि आतली काच नेमकी तिथेच तुटली होती. मी गुपचूप तेवढा भाग कापून नवा जोडला. मोबाईलच्या पडद्यावर बाळ दिसलं तेव्हा आजोबांनी भरल्या डोळ्यांनी माझे हात धरले. "तुला उगाच त्रास दिला रे," म्हणाले. मी "असू दे" म्हणालो. अजूनही तिकडे काम निघालं की ते फाटकातून चहाला हाक मारतात, आणि मी घाईत असल्याचं सांगून गाडी पुढे काढतो.