समुद्रावरच्या दोन सवाऱ्या

आमचे हे सडक अर्जुनी ते गोंदिया काळीपिवळी चालवतात. काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची सवाऱ्या भरून जाणारी जीप. रंग काळा-पिवळा, म्हणून नावही तेच. तिच्यात बारा माणसं बसतात असं कागदावर आहे. बाकीची कशी बसतात ते कागदावर नाही.

एकदा ह्यांनी मोबाईलवर परदेशातल्या एका कुटुंबाचा व्हिडिओ पाहिला. नवरा, बायको, दोन पोरं, गाडीतच पलंग आणि गाडीतच स्वयंपाक. अशा गाडीला कॅरव्हॅन म्हणतात. ह्यांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाले, "आपल्याकडे सगळं हाये. बायको हाये, दोन पोरं हायेत, गाडी हाये. फक्त पलंग लावाचा हाये."

दिवाळीच्या सुट्टीत सुताराने मागच्या सीटा काढून फळ्या ठोकून दिल्या. फळ्यांखाली घरचा तांदूळ, कपडे आणि गॅसची छोटी शेगडी गेली. रंग बदलायला हे तयार नव्हते. सुट्टी संपली की पुन्हा धंदा होता.

कुठे जायचं याबद्दल ह्यांची एकच अट होती, रस्त्यात कोणी हात दाखवून गाडी थांबवू नये. मी म्हटलं, समुद्र. मी अंगणवाडीत आहे. तिथल्या तक्त्यावर निळा समुद्र आहे, त्यात एक होडी आहे, आणि मी तो कित्येक वर्षं पोरांना दाखवत आले होते. स्वतः पाहिला नव्हता. सासरे म्हणाले, "समुद्र पाहाले कायले जाता? इटियाडोहाच्या धरणाले का पाणी नाई?" उशिराचा धान अजून बांधीत, म्हणजे शेतात, उभा होता. तो राखायला ते घरीच थांबले.

आम्हाला त्यातल्या त्यात जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा. रायपूर, जगदलपूर, मग कोरापूटचा घाट. घाटात आठ वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या आणि चार वर्षांच्या मुलाला भूक लागली. दोन्ही गोष्टी बराच वेळ सोबतच चालल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. ह्यांनी समुद्राकडे तोंड करून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि तो नीट ओढलाय का ते पुन्हा पाहिलं. मुलगी दार उघडून वाळूवर पळाली. मुलगा मात्र पुढच्या सीटवरून काचेतून पाहत राहिला.

"आई, याचं गेट कुठी हाये?"

"याले गेट नसते."

"मंग पाणी बंद कोण करते?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगणवाडीतली बाई म्हणून उत्तर मीच द्यायचं होतं.

"कोणी नाई करत," मी म्हटलं. ते खरं होतं, पण सांगायला नको होतं. त्याने दोन्ही हातांनी सीट धरली. "मी नाई उतरत."

"अरे, काऊन भेतं? ते का करते आपल्याले?" असं म्हणून हे स्वतः दाखवायला गेले. चपला वाळूत काढल्या आणि पाण्यात दोन पावलं टाकली. लाट आली आणि चपला घेऊन गेली. मग त्यातली एक परत आणून दिली. मुलाने हे सगळं काचेतून पाहिलं.

मी मागचं दार उघडं ठेवून पोहे करायला घेतले. एवढ्यात एक म्हातारा आणि एक म्हातारी आली. म्हातारीच्या हातात पिशवी होती. दोघं मागच्या दाराने चढली आणि फळीवर बसली. म्हाताऱ्याने ह्यांना एका गावाचं नाव सांगितलं.

"सवारी नाई घेत. कॅरव्हॅन हाये हे," हे म्हणाले. मग तेच हिंदीत म्हणाले. म्हाताऱ्याने गावाचं नाव पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं, पोहे लागत होते ते पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"उतरवा ना त्याईले," मी हळूच म्हटलं.

"कसे उतरवू? बसले ना ते."

मुलीला हाक मारली, शेगडी बंद केली आणि आम्ही निघालो. हे अनवाणी चालवत होते. वाटेत आणखी दोघांनी हात दाखवला तेव्हा ह्यांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. मी म्हटलं, "पुढे चला."

रस्ता किनाऱ्याकिनाऱ्यानेच होता. अर्ध्या तासाने म्हाताऱ्याने एका गल्लीच्या तोंडाशी थांबवलं आणि आम्हाला घरी चला म्हणाला. चक्क हिंदीत.

"आपको हिंदी आती है?" ह्यांनी विचारलं. "फिर पहले क्यों नहीं बोले?"

"बोलता तो आप उतार देते," म्हातारा म्हणाला. "इसका घुटना दुखता है."

दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर तोच फोटो होता जो आमच्या घरी आहे: निळा कोट, चष्मा, हातात जाड पुस्तक. मी फोटोकडे पाहिलं, म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, तिनेही जोडले. त्यानंतर मला पाहुणी म्हणून वागवणं बंद झालं. तिने पिशवीतले मासे काढले आणि विळी माझ्यापुढे सरकवली.

घरामागे पुन्हा समुद्र होताच. मुलगा दारातच थबकला. म्हाताऱ्याने त्याला बोलावलं नाही, समजावलं नाही. तो ओल्या वाळूपर्यंत गेला, टाचेने एक लांब रेघ ओढली आणि तिच्या अलीकडे, समुद्राकडे पाठ करून बसला. लाट आली, रेघेपर्यंत न पोचता परत गेली. दुसरीचंही तेच झालं. बऱ्याच वेळाने मुलगा जाऊन त्याच्या शेजारी बसला. मग उठून त्याने स्वतः टाचेने एक रेघ ओढली, थोडी पुढे. लाटेने तीही पाळली.

ओहोटी लागली होती. ते म्हाताऱ्याला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या मुलाने समुद्र बराच मागे ढकलला होता आणि शेवटची रेघ ओढता ओढता तो गुडघाभर पाण्यात पोचला होता. "बाबा, पाहून राहिले ना?" तो ओरडला. हे दारात उभे होते. ह्यांनी मान हलवली आणि ती थांबवायला विसरले. मी विळीवर बसल्या बसल्या पदराने डोळे पुसले. म्हातारीने शेजारचा कांदा माझ्यापुढे ठेवला, म्हणजे कोणाला विचारायला नको.

जेवण झाल्यावर आम्ही निघालो. हायवेचा रस्ता दाखवतो म्हणून म्हातारा पुढे ह्यांच्या शेजारी बसला. हायवेला लागलो तेव्हा आमच्या लक्षात आलं की तो आता परत कसा जाणार. म्हणून आम्ही वळवून त्याला घरी आणून सोडलं. तो म्हणाला, आता तुम्ही रस्ता चुकाल, आणि पुन्हा बसला. ह्यांनी पुन्हा हायवेपर्यंत नेलं, पुन्हा घरी आणलं. दोघांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा तो पाय उचलत होता तेव्हा म्हातारी गुडघा धरत बाहेर आली आणि त्याचा शर्ट मागून धरला.

मग आम्ही चौघंच निघालो आणि पहिल्याच चौकात चुकीच्या बाजूला वळलो.