माझ्यापुढं गेलेली सायकलवाली

चकवा लागला, कुणीतरी नावानं हाक मारली, मागं पावलं वाजली... असलं सगळं आमच्या दुकानात रोज ऐकायला मिळतं. रामनगरात आमची चिरमुरे-फुटाण्यांची भट्टी आहे, आणि बसची वाट बघणाऱ्या माणसाला बोलायला काहीतरी लागतंच. मी ऐकते, पुडी बांधते, हसते. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. आजही बसलाय असं म्हणणार नाही. पण जे झालं ते झालं – आणि त्याची भीती वाटण्यापेक्षा मला अभिमानच जास्त वाटतो, म्हणून लिहायला घेतलं.

मी शोभा. पन्नाशीला टेकलेय. भाच्यानं देऊन टाकलेली गिअरची सायकल आमच्याकडं पडून होती, ती सहज चालवायला लागले आणि वेडच लागलं. लोंढा, कॅसलरॉक, एकटीनं जाऊन आले. बेळगावकडचे रायडर दुकानाशी थांबतात, त्यांच्या खिशात ती ताकदीसाठी चोखायची जेलची पाकिटं असतात. माझ्याकडं फुटाणे-गूळ, खारे शेंगदाणे, भडंग आणि एखादं केळं. नियम एकच – भूक लागायच्या आधी खायचं. चढ दिसला की गुळाचा खडा गालात. पायांना पेट्रोल लागतं, आणि आमच्या भट्टीत ते रोज ताजं भाजून निघतं!

मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. हॉस्पिटलातून घरी आले तर माळ्यावर चढायचं म्हटलं तरी धाप लागायची. आमचे हे म्हणाले, "आता बास झालं. सायकल विकून टाकू." त्यांचंही खरं होतं, त्या आठवड्यात त्यांनी फार काढलं होतं. पण मला ते ऐकून जेवण जाईना. थोडी ताकद आल्यावर मीच म्हटलं, "गुंदला अक्काकडं एकटी जाऊन दाखवते. पोचले तर सायकल राहील."

"आणि वाटेत बसलीस तर?"

"फोन करते. टेम्पो घेऊन या."

"फोन आला की सायकल गेली. मग रडायचं न्हाई."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गुंदला दिलेली, भाताची शेती, चहूकडं रान. तिला फोन केला तर म्हणाली, "ये गं बाई. जिवंत ये म्हंजे झालं."

जानेवारीतली सकाळ होती. दाट धुकं. डोक्यावर लाल हेल्मेट, त्याखाली पिवळी ओढणी बांधलेली. मागं कॅरिअरला अक्कासाठी भडंगाचा स्टीलचा डबा, सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून आवळलेला. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

जगलबेटला चहाला थांबले. हॉटेलवाली बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "परत आलासा? काय इसरलं काय?"

"परत कुठली? आत्ताच येतेय."

"आता बन्स खाऊन गेलासा की ओ!" बन्स म्हणजे केळं घालून तळलेली फुगीर गोड पुरी, मला फार आवडते. "ह्योच डबा, हीच वढणी. आज गोड कमी पडलंय म्हणालासा."

मला हसू आलं. म्हटलं, कुणीतरी दुसरी सायकलवाली असेल, हल्ली पुष्कळ बायका येतात. पण चहाबरोबर एक बन्स घेतलं आणि पहिल्या घासालाच जाणवलं... गोड कमीच होतं.

तसंच निघाले. गणेशगुडीला पोचेपर्यंत धुकं विरलं होतं. तिथं पुलाजवळ केळी घ्यायला थांबले. केळीवाल्या मामांनी मला बघितलं आणि ते केळी द्यायचं सोडून माझ्या मागं-पुढं बघायला लागले.

"तुम्ही त्या चढाच्या अंगानं गेलासा न्हवं? मग हिकडनं कशा?"

आता मात्र मला हसू आलं नाही. विचारलं, "किती वेळ झाला?"

"हे आत्ता! ह्ये बगा, तुम्हीच दिलासा," म्हणत त्यांनी कागदाची पुडी पुढं केली. आत हळद-मिरी लावलेले फुटाणे. आमची चव मला डोळे मिटून ओळखता येते. तसं आमचे फुटाणे बरेचजण नेतात, ते कुणाकडंही असू शकतात. मी स्वतःची अशीच समजूत घातली. पण डोक्यात तेच घोळायला लागलं आणि त्या नादात केळी बॅगेत टाकून, काही न खाता पुढं निघाले.

तिथंच चुकलं. गुंदच्या फाट्यानंतर रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी झाडं अंगावर आल्यासारखी, आणि चढावर चढ. एका वळणावर हातांना कापरं सुटलं. घाम गार पडला. समोरचा रस्ता पाण्यातून बघावा तसा हलायला लागला. ज्यांनी लांबच्या राइड केल्यात त्यांना हे ठाऊक असेल – अंगातलं सगळं एकदम संपतं. खाण्याची बॅग समोर हँडललाच होती, पण त्या अवस्थेत ती उघडायचंही सुचत नाही. सायकल गटाराकडेला आडवी टाकली आणि दगडावर बसून रडायला लागले. डेंग्यूनं घेतलं ते कायमचंच घेतलं, असं वाटलं. फोन काढला. नशिबानं – की दुर्दैवानं – रेंज होती. ह्यांचं नाव स्क्रीनवर आणलं.

तेवढ्यात वरून एक मोटरसायकल उतरत आली. शेतकरी नवरा-बायको, बायकोच्या मांडीवर केळफुलांचं गाठोडं. मला बघून त्यांनी कचकन ब्रेक मारला. दोघंही बघतच राहिले.

"अगं बाई!" ती म्हणाली. "तुमची भन हाय काय वर? जुळी?"

"कोण वर?"

"चढ सरतोय तितं दगडावर बसल्याय. शेंगदाणं खात्याय. अगदी तुमीच!" तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "तिनं निरोप दिलाय. खाली एक बाई बसली असंल म्हणाली, तिला सांगा – आदी खा, मग काय रडायचं ते रड."

अंगावर सर्रकन काटा आला. त्या बाईनं उतरून माझ्या बॅगेची चेन उघडली, गुळाचा खडा हातात ठेवला आणि मी खाईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग फुटाणे, मग केळं. हळूहळू रस्ता हलायचा थांबला.

"सोडू काय खाली गणेशगुडीला?" नवऱ्यानं विचारलं.

आणि खरं सांगते, त्या क्षणी भीती कुठं गेली कळलंच नाही. मला राग आला! वर कुणीतरी माझीच ओढणी बांधून, माझाच डबा घेऊन, चढ संपवून आरामात शेंगदाणे खात बसलंय... आणि मी खाली रडतेय? ती चढली तर मी का नाही चढणार?

"न्हाई," म्हटलं. "मी वरच जाणार."

फोन खिशात टाकला. सगळ्यात हलका गिअर लावला. वळणावळणाला वाटायचं, आता दिसेल. बोलायचं काय तेही ठरवलं होतं. चढाच्या माथ्यावर पोचले तेव्हा दगड रिकामा होता. वर शेंगदाण्यांची लाल सालं पडलेली, ताजी, वाऱ्यानं अजून उडालीही नव्हती. मी जोरात हाक मारली. रानात कुठंतरी धनेश पक्षी ओरडला, तेवढंच. मग थांबले नाही. चढ आला की तोंडात गूळ, उतार आला की घोटभर पाणी, आणि नजर सतत पुढच्या वळणावर.

दुपार कलताना गुंद आलं. अक्काच्या अंगणात शिरताना आधी ओट्याकडं बघितलं. ती पुढची सायकलवाली आधीच येऊन तिथं बसलेली असली तर?

अक्का उन्हात सुपारी पसरत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अक्का, माझ्याआधी कोण आलं काय? सायकलवरनं?"

"कोण येतंय इतक्या लांब? सकाळधरनं अंगणातच हाय मी." तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. डोळ्यांत पाणी. "तूच पयली गं. आमच्या घराण्यात सायकलवरनं गुंद गाठलेली तूच पयली!"

ह्यांना फोन केला. "पोचले," म्हटलं. तर हे म्हणाले, "टायर झिजले असतील. नवीन घालून देतो." संध्याकाळपर्यंत अर्ध्या रामनगरला त्यांनीच सांगून टाकलं होतं, हे मला नंतर कळलं.

पुढं मी खूप चौकशी केली. बेळगावच्या रायडरांना विचारलं, गणेशगुडीच्या लॉजवाल्यांना विचारलं. त्या दिवशी त्या रस्त्यानं दुसरी कुठलीच बाई सायकलवर गेल्याचं कुणाला माहीत नाही. उपाशी डोक्याला भास होतो म्हणावं, तर भास मला झालाच नाही. मी तिला बघितलंच नाही, बघितलं ते बाकीच्यांनी. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. मला अजून काही उलगडलेलं नाही.

फक्त एवढं सांगते. माथ्यापासून अक्काच्या दारापर्यंत तो एकच रस्ता. ती माझ्यापुढं होती. मी वाटेत कुणालाही ओलांडलं नाही. आणि तरीही आधी पोचले ती मीच.