प्रमिलाताईंचा बाहेरचा वर्ग

प्रमिलाताईंच्या मुलाचा, सुहासचा फोन आला तेव्हा मी गाडी पार्क करत होते. "ताई, आई गेली," तो म्हणाला. दुपारचा चहा प्यायल्यावर खुर्चीत डोळा लागला तो लागलाच. ना हॉस्पिटल, ना नळ्या. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले आणि रडता रडता म्हटलं, सुटली गं बाई! जन्मभर नर्सिंग केलेल्या प्रमिलाताई साळवेंना अंथरुणाला खिळायची फार धास्ती होती. तेवढं देवाने ऐकलं. कुणाच्या देवाने, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही, पण ऐकलं खरं. याला आता महिना होत आला.

त्यांची-माझी ओळख भांडणातून झाली. मेलबर्नमध्ये जिकडे बघावं तिकडे आपले विद्यार्थी दिसायचे, तो काळ. मीही अकाउंटिंग शिकायला आलेली, नवरा एका वेअरहाऊसमध्ये कामाला, आणि सात वर्षांचा चिन्मय जवळच्या सरकारी शाळेत. शाळेत आठवड्यातून अर्धा तास धर्माचा असे आणि तो शिकवायला चर्चच्या स्वयंसेविका येत. मी बाई पुण्याची, आपल्याकडच्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखं काहीतरी असेल म्हणून बिनदिक्कत सही करून मोकळी! मग एक दिवस चिरंजीव ताटावर बसले, डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, थँक यू जीझस. वरणभात मी केला, कुकर मी लावला, आणि आभार परस्पर तिसऱ्यालाच? माझं डोकंच फिरलं. रात्रभर इंग्रजी वाक्यं घोकून मी सकाळी शाळेत धडकले, तर समोर अंबाडा आणि स्वेटर घातलेल्या एक बाई. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, "चिन्मयची आई ना? तो ठेच लागली की 'आई गं' म्हणतो, तेव्हाच ओळखलं." ख्रिस्ती, नगरकडच्या, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणाऱ्या. घोकलेलं सगळं वाया गेलं. तरी मी मराठीत भांडलेच. शाळा सरकारी आहे, तिथे कुणी माझ्या मुलाला देव शिकवू नये, असं स्पष्ट सांगितलं. मुलाचं नाव त्या तासातून काढून टाकलं आणि तोऱ्यात घरी आले.

पुढच्या आठवड्यात चिन्मय जेवेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्या अर्ध्या तासात त्याला कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं होतं. तो बाक मारामारी करणाऱ्या पोरांचा. येणारंजाणारं प्रत्येक मूल विचारत होतं, काय केलंस? "But I didn't do anything, Mum," म्हणून हुंदके देत होता. आपण हिंदू आहोत म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, हे त्या लेकराच्या मनात एकदा बसलं असतं तर ते कुणी पुसलं असतं? परत त्या तासाला घालू का, इथपर्यंत मी आले होते. फाटकात प्रमिलाताई भेटल्या, तेव्हा न राहवून सांगितलं.

त्या म्हणाल्या, लहानपणी शाळेत सरस्वतीपूजन असलं की बाई प्रेमाने सांगायच्या, प्रमिला, तू बाहेर खेळ हो. "कुणी रागावलं नव्हतं गं. पण पायरीवर एकटं बसलं की वाटतंच, आपलं काय चुकलं?"

त्यानंतर त्या काय बोलल्या कुणाशी, मला ठाऊक नाही. पुढच्या खेपेला त्या एक निळं घडीचं स्टूल घेऊन आल्या, आपल्या तासाच्या मुलांना उठवलं आणि घेऊन गेल्या बाहेर, खिडकीतून दिसेल अशा झाडाखाली. चिन्मय आत, आपल्या जागेवर, वर्गशिक्षिकेबरोबर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्ग सगळ्यांचा आहे, ज्यांना प्रार्थना करायचीय त्यांनी उठून जावं. चर्चमधल्या काहींना हे मुळीच रुचलं नाही. खाडीवरून येणारा तो बोचरा वारा, त्यात या बाई स्टुलावर, एका हाताने पुस्तक धरून आणि दुसऱ्याने डोक्यावरची टोपी!

गंमत म्हणजे बाहेर जायला मिळतंय म्हटल्यावर पोरं हौसेने येशूकडे वळली. आमचं ध्यानही एक दिवस रांगेत जाऊन उभं राहिलं. मी पुन्हा पदर खोचून निघणार, तेवढ्यात कळलं की प्रमिलाताईंनी त्याचा हात धरून त्याला आत आणून बसवलं होतं. "आई हो म्हणाली की ये," एवढंच म्हणाल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून माझं पोर त्यांच्या घरी खुशाल जेवायचं, झोपायचं, नाताळची करंजी खायचं, आणि मला कधी धाकधूक वाटली नाही. थंडी पडल्यावर निम्मे भाविक गळाले, ते सोडा. पुढे काही वर्षांनी तो तासच शाळेच्या वेळेतून गेला. मला वाटलं, यांना वाईट वाटेल. तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, कान फार दुखायचे."

अंत्यविधीला जाताना मात्र मी धास्तावले होते. चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर बसले तर मी काय करायचं? उठायचं की बसायचं? गाडी चालवणारा चिन्मय, आता दाढीवाला इंजिनिअर, "Relax, आई" म्हणत होता. पोचलो तर चर्चच्या हॉलमध्ये चहा, बटाटेवडे आणि सगळ्या जातीधर्मांची माणसं. सुहास उभा राहिला. आईने सांगून ठेवलंय, म्हणाला, हॉल सगळ्यांचा. प्रार्थना बाहेर झाडाखाली होईल. ज्यांना यायचंय त्यांनी या, बाकीच्यांनी निवांत चहा घ्या.

चिन्मय हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. कोपऱ्यात ते निळं स्टूल होतं. त्याने ते उचललं, आणि तेवढा मोठा बाप्या माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"आई, जाऊ का बाहेर?"

मी हो म्हटलं. मग मीही चहा खाली ठेवला आणि त्याच्यामागोमाग गेले. वारा तसाच होता. त्याने माझ्यासाठी स्टूल उघडलं.